तिकीट काढून ऐकलेले दुःख

दुःखाची गोष्ट फुकट ऐकावी, असा आपला एक जुना समज आहे. सुखासाठी पैसे मोजताना आपण कधी बिचकत नाही. लग्नातला सनईवाला बिदागी ठरवून वाजवतो म्हणून त्याच्या सुरातले मांगल्य कमी झाले, असे कोणाच्या मनात येत नाही. सर्कशीतला विदूषक पगारावर कोलांट्या मारतो हे ठाऊक असूनही आपण पोट धरून हसतो. पण कोणी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तिकीट लावून विव्हळू लागला, की आपण लगेच सावध होतो. हा आवाज पोटातून येतो की गल्ल्यातून, अशी शंका आपल्याला येते. शंका वाईट नाही. रोज सायंकाळी सात वाजता आणि पुन्हा नऊ वाजता ज्याचे काळीज फाटते, त्याच्या काळजाविषयी दोन प्रश्न विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला असलाच पाहिजे.

गेल्या जानेवारीत कामानिमित्त स्पेनमधल्या सेव्हिल शहरी नऊ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा हे प्रश्न बरोबर घेऊनच मी फ्लामेंको ऐकायला गेलो. 'ऐकायला' हा शब्द मी जाणून वापरतो. आपल्याकडे फ्लामेंको म्हटले की झालरींचा लाल घोळदार झगा आणि टाचांचा कडकडाट एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. पण तिथली जाणती माणसे आधी गाण्याचे नाव घेतात, मग गिटारचे, आणि त्यानंतर नाचाचे. माझे स्वतःचे काम मात्र अगदीच नीरस होते. आमच्या कंपनीने मागवलेली काही यंत्रे बोटीवर चढण्याआधी गावाबाहेरच्या एका कारखान्यात उभी करून, दाब देऊन, गळती पाहून पसंत करायची. दिवसभर आकडे लिहायचे आणि दिवेलागणीला मोकळे व्हायचे. रस्त्यांच्या दुतर्फा कडू संत्र्यांची झाडे फळांनी लगडलेली होती. त्या फळांना येणारेजाणारे हातही लावत नाहीत, कारण ती नुसती खाता येत नाहीत, त्यांचा मुरंबा करावा लागतो. परक्या गावातल्या संध्याकाळी मला तशाच वाटतात. दिसायला रसाळ, एकट्याने खायला कडू.

तपासणीच्या कामात माझ्या जोडीला तिथला एक इंजिनिअर होता. पन्नाशीचा, मितभाषी, मोजमापात काटेकोर. शुक्रवारी दुपारी मी त्याला सहज विचारले, की गाणे कुठे चांगले ऐकायला मिळेल? त्याने हातातले माप खाली ठेवले आणि म्हणाला, "तुम्ही जाल त्या गल्लीत तुम्हाला टाळ्या ऐकू येतील. पण ते सगळे प्रवाशांसाठी. खरे फ्लामेंको आता विकत मिळत नाही."

"मग ते मिळते कुठे?"

त्याने खांदे उडवले. "घराघरांत. बारशाला, लग्नाला. तिथे तुम्हाला कोण बोलावणार?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. ग्वादालकिविर नदीच्या पलीकडचा त्रियाना हा भाग म्हणजे या गाण्याचे एक माहेरघर. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या गितानो कुटुंबांत, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सींत, हे गाणे पिढ्यानपिढ्या राहिले. ती कुटुंबे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हलवली गेली, आणि गाणे मागे उरले ते बरेचसे हॉटेलांच्या पाट्यांवर. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले. एखाद्या गोष्टीला वारसा म्हणू लागले, की ती घरच्यांच्या हातून निसटू लागली असे खुशाल समजावे, असे मला पुष्कळदा वाटते. जुने वाडे काय आणि जुनी गाणी काय, पाटी लागते ती माणसे निघून गेल्यावरच.

मौज अशी, की ही तक्रार प्रवाशांच्या झुंडी येऊ लागल्यापासूनची नाहीच. कवी आंतोनिओ माचादो यांचे वडील लोकवाङ्मयाचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी १८८१ साली फ्लामेंको गीतांचा संग्रह छापला, आणि त्यातच, गाणे कॉफीगृहांच्या रंगमंचावर आल्यामुळे गितानोंचे अस्सल गाणे मरणार, अशी भीती बोलून दाखवली. त्या वेळी सेव्हिलमध्ये सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती नावाचा बडा गवई स्वतःचे कॉफीगृह चालवत असे. तो गितानो नव्हता, त्याचे वडील इटालियन होते. आणि तरी त्या काळचा सर्वश्रेष्ठ गवई म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. पुढे १९२२ साली संगीतकार मान्युएल दे फाया, तरुण कवी लोर्का आणि त्यांचे मित्र यांनी ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यात 'कान्ते होंदो'ची, म्हणजे खोल गाण्याची, स्पर्धा भरवली. धंदेवाईक गवयांना तिथे मज्जाव होता. बाजारात न विटलेला, खेड्यापाड्यांतला सूर शोधून काढावा, हा हेतू. बक्षिसे कोणाला मिळाली? एक सत्तरीच्या घरातल्या एल तेनासास नावाच्या म्हाताऱ्याला, आणि एक बाराएक वर्षांच्या पोराला. तोच पोरगा पुढे मानोलो काराकोल या नावाने नाटकगृहे गाजवणारा आणि तिकिटे खपवणारा गवई झाला! बाजाराच्या बाहेर जाऊन शोधून आणलेले रत्न शेवटी बाजारातच चमकले. फाया यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. परंतु निर्मळ झऱ्याच्या शोधात निघालेल्या विद्वानांना झरा आणि नळ यांच्यामधली रेघ कुठे ओढावी हे फारसे कधी साधलेले दिसत नाही.

असो. शुक्रवारी सात वाजता मी वीस-बावीस युरोंचे तिकीट काढून एका लहानशा ताब्लाओत जाऊन बसलो. ताब्लाओ म्हणजे मूळ अर्थाने लाकडी फळ्यांचा मंच. त्यावरून आता त्या सबंध जागेलाच ते नाव पडले आहे. आमच्या मंचाची लांबी-रुंदी आपल्या घरातल्या माजघराएवढी. त्यावर वेताच्या बैठकीच्या चार खुर्च्या. ध्वनिक्षेपक नव्हता. ऐकणारे आम्ही तीसेक जण, बहुतेक परदेशी, आणि बहुतेकांच्या हाती फोन. चित्रे घेऊ नयेत, अशी विनंती एका बाईने तीन भाषांत केली, आणि ती तिन्ही भाषा येणाऱ्यांनी मोडली.

गिटारवाला तरुण होता. फ्लामेंकोची गिटार पूर्वापार सुरूच्या जातीच्या हलक्या लाकडाची करतात, त्यामुळे तिचा आवाज कोरडा आणि तुटक येतो. तारा छेडता छेडता वादक बोटांनी तिच्या अंगावर थापही मारतो, आणि तिथे लाकूड झिजू नये म्हणून एक पातळ पत्रा बसवलेला असतो. नाचणारी बाई चाळिशीच्या पुढची, आडव्या बांध्याची. नाटकी सौंदर्याची अपेक्षा करून आलेल्यांचा थोडा विरस झालेला मला दिसला. गाणारा साठीचा असावा. काळा सदरा, पुढे आलेले पोट, मांडीवर ठेवलेले दोन जड हात. बँकेत खिडकीपलीकडे दिसावा असा माणूस.

पहिला प्रकार सोलेआ. त्याचे आवर्तन बारा मात्रांचे. वजन तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी तिनातिनाची दोन सावकाश पावले आणि मग दोनदोनाची तीन चपळ पावले. आमच्यासारख्या एकतालाच्या बारा मात्रांत वाढलेल्या माणसाला बारा हा आकडा ऐकूनच घरच्यासारखे वाटते, आणि तिथेच तो फसतो. आपल्याकडे तबलजी तिहाई घेऊन समेवर येऊन पडतो आणि आपली मान त्याच्याबरोबर पडते. इथे वाक्य दहाव्या मात्रेवर संपते. उरलेल्या दोन मात्रा गिटारच्या नाहीतर नुसत्या शांततेच्या वाट्याला येतात. मी अकरा-बारा मोजून समेची वाट पाहत असे, तोवर ती सगळी मंडळी बोलणे आटपून स्वस्थ बसलेली असत. बाजूला बसून टाळी देणाऱ्यांचे कौतुक मात्र मला सर्वांत अधिक वाटले. तळवे किंचित पोकळ धरून दिलेली टाळी दबकी वाजते आणि बोटे तळव्यावर आपटून दिलेली कडक. गाणे चालू असताना दबकी, पावलांना जोर आला की कडक. एक जण मात्रेवर देतो, दुसरा बरोबर दोन मात्रांच्या मधल्या फटीत. नाचणारीसुद्धा स्वैर नाचत नाही. ओळ संपेपर्यंत ती जागच्या जागी तोलून उभी असते, आणि गवयाने श्वास घेतला की त्या श्वासाएवढ्या जागेत पावलांनी उत्तर देते.

हे सारे पाहताना 'हे तर आपलेच!' असे म्हणण्याचा मोह कोणाही हिंदी माणसाला होणारच. जिप्सींचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या वायव्य भागातून बाहेर पडले, हे भाषाशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान'. तेव्हा नात्याविषयी वाद नाही. पण ते स्पेनमध्ये पोचले पंधराव्या शतकात, आणि फ्लामेंको या नावाचा आणि रूपाचा पत्ता लागतो तो एकोणिसाव्यात. मधल्या चार शतकांत आंदालुसियाची लोकगीते, अरबांच्या राज्याच्या आठवणी आणि अमेरिकेतून परत आलेले ठेके असे किती तरी त्यात मिसळले. टाचांचा आवाज ऐकून कथकाची वंशावळ मांडणे म्हणजे शेजाऱ्याचे नाक आजोबांसारखे आहे म्हणून त्याच्या घरावर हक्क सांगण्यासारखे आहे. शिवाय त्या माणसांवर जे गुदरले त्यातले काही आपण सोसलेले नाही. १७४९ च्या जुलैमध्ये राजाच्या हुकुमाने स्पेनभर एकाच वेळी गितानोंची धरपकड झाली. हजारोंना पकडले, पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला धाडले, बायकामुलांना वेगळे कोंडले, आणि पुष्कळांना सुटायला पंधराएक वर्षे लागली. खोल गाण्यात आई, तुरुंग आणि मरण हे तीनच विषय पुनःपुन्हा का येतात, याचे उत्तर काही अंशी तरी अशा ठिकाणी असावे.

साडेसातच्या सुमारास नाचणारी खाली उतरून खुर्चीवर बसली. टाळ्या थांबल्या. गिटारवाल्याने सिगिरिया धरली. मात्रा त्याच बारा, पण पावले पाच आणि ती लंगडती: दोन, दोन, तीन, तीन, दोन. दीपचंदीतली विषम चाल आपल्या कानाला झुलवते. ही चाल ठेचकाळते. गवयाने आधी नुसता 'आय' असा एक स्वर काढला. त्याला शब्द म्हणता येत नाही, आलापही म्हणता येत नाही. गळा आपल्याच वाटेत उभा आहे आणि त्याला ढकलून आवाजाला बाहेर यावे लागते आहे, असे काहीसे ते होते. मग तीन-चार लहान ओळी. जात्यावरच्या ओवीत जेवढे मावते तेवढेच त्यात मावते. कथा नाही, वर्णन नाही, कोण गेले आणि कसे गेले याचा खुलासा नाही. मला स्पॅनिश जुजबी येते. त्यातला 'आई' एवढा एकच शब्द मला नीट लागला. सवयीने मी मात्रा मोजत होतो. दुसऱ्या ओळीनंतर माझे मोजणे सुटले, आणि पुन्हा धरावे असे मला वाटले नाही.

माझी एक आत्या होती. गावात कोणाकडे मयत झाले की तिला बोलावणे येई, आणि बोलावणे आले नाही तरी ती जाई. आठव काढून रडण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. गेलेल्याचा एकेक गुण, एकेक सवय, त्याने कधी काळी उच्चारलेला एखादा शब्द ती ओळीत बसवी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा सूर त्याच उतारावरून खाली येई. आम्हां मुलांना एका गोष्टीचे फार नवल वाटे. मधेच थांबून ती अगदी साध्या आवाजात, "गुरांना पाणी दाखवलं का रे?" असे विचारी, आणि उत्तर मिळताच पुन्हा त्याच सुरात पुढची ओळ उचली. आम्ही त्यावर हसत असू. माझ्या वडिलांनी एकदा आम्हाला दटावले होते, म्हणाले, "ती रडली म्हणजे बाकीच्यांना रडता येतं."

गेल्या श्रावणात माझा थोरला भाऊ गेला. आत्या त्याच्या कितीतरी आधी गेलेली. आम्ही सारी शिकलेली माणसे. हलक्या आवाजात बोललो, फोन घेतले, दाखले काढले, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. सोळाव्या दिवशी मी कामावर हजर होतो, आणि लोकांनी माझ्या धीराची तारीफ केली. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही गोष्ट मराठी घरांत आजही सांगतात. ती धीराची गोष्ट म्हणून सांगतात. दुःख गिळून त्यांनी प्रेक्षकांना सुख दिले, एवढ्यावर आपण थांबतो. त्या रात्री त्यांच्या वाट्याला एखादे शोकाचे पद आले असते तर? तेही तिकीट लावूनच म्हटले गेले असते, सुरातालात, ठरल्या वेळी. ते आपण खरे मानले असते की नाटकी? मला वाटते, आपल्याला या प्रश्नाची भीती वाटते, म्हणून आपण तो विचारीत नाही.

सिगिरिया संपली तेव्हा एक क्षण कोणी टाळी वाजवली नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या, पेले उचलणाऱ्या एका म्हाताऱ्या नोकराने फक्त हळू आवाजात "ओले" म्हटले. आपल्याकडचा जाणता 'वाहवा' म्हणतो ती बहुधा कौशल्याला दाद असते. हे तसे वाटले नाही. उचकी लागलेल्या माणसाला कोणी पाण्याचा पेला पुढे करावा, तसे ते होते. मग बुलेरिया झाली, नाच झाला, झग्याची मागची लांब शेपटी पायाने मागे फेकण्याचे कसब झाले, आणि माझ्या शेजारच्यांना अखेर आपले पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. नाच खरोखरच उत्तम होता. मी तो फारसा पाहिला नाही.

बाहेर आलो तो गवई दाराशी उभा राहून पावात घातलेले मांस खात होता. नऊचा खेळ व्हायचा होता. मी खिडकीपाशी जाऊन दुसरे तिकीट काढले. तपासणी करणाऱ्याची ही खोड आहे. एकदा घेतलेल्या मापावर त्याचा विश्वास बसत नाही.

नऊच्या खेळाला गर्दी अधिक होती. तोच क्रम, तीच खुर्ची, तोच काळा सदरा. सिगिरियाही झाली, ओळी निराळ्या होत्या, एवढे मला कळले. आवाज तर अधिक मोकळा लागला होता. प्रत्येक स्वर जागच्या जागी, कुठे धाप नाही, कुठे खरखर नाही. आणि ती जमली नाही. ती उत्तम म्हटली गेली, एवढेच. लोकांनी पहिल्या खेळापेक्षा दुप्पट टाळ्या दिल्या, कोणी शीळही घातली. गवयाने मान लववून त्या घेतल्या, आणि खुर्चीवरून उठताना गिटारवाल्याकडे पाहून ओठ किंचित मुडपले. त्याने डोळे खाली केले. कोपऱ्यातला म्हातारा नोकर पेले गोळा करीत होता.

त्या मुडपलेल्या ओठांनी माझ्या प्रश्नाचे जेवढे उत्तर दिले तेवढे चार ग्रंथांनी दिले नसते. टांकसाळीतून निघालेली दोन नाणी सारखीच असतात. सातच्या आणि नऊच्या खेळात तसे घडले नाही. तिकिटाने विकत मिळतो तो फक्त त्या खोलीत बसण्याचा हक्क. ती दोन माणसे रोज दोनदा त्या जागेपर्यंत चालत जातात. दार कधी उघडते, पुष्कळदा उघडत नाही. न उघडलेल्या दाराचेही पैसे ती घेतात, कारण घरभाडे आणि पाव यांची वेळ चुकत नाही. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. माझ्या आत्यालाही प्रत्येक घरी सारखा आठव सुचत नसणार, आणि नाही सुचला त्या दिवशीही ती रडून येत असणारच.

सोमवारी कारखान्यात शेवटच्या यंत्राची दाबचाचणी होती. पाण्याचा दाब चढवायचा आणि अर्धा तास काटा हलतो का ते पाहत उभे राहायचे. त्या अर्ध्या तासात करण्याजोगे काही नसते. इंजिनिअरने मला शुक्रवारविषयी विचारले. मी सांगितले, की दोनदा गेलो, एकदा ऐकू आले. तो हसला नाही. "एकदा?" एवढेच म्हणाला, आणि पुन्हा काट्याकडे पाहू लागला. काटा स्थिर होता. थोड्या वेळाने पलीकडचा एक फिटर वाट पाहून कंटाळला आणि बोटांच्या पेरांनी यंत्राच्या आवरणावर ठेका धरू लागला. माझ्या बाजूचा हा मितभाषी गृहस्थ, हातातली पेन्सिल वहीच्या पुठ्ठ्यावर आपटीत, नेमका त्याच्या मधल्या फटींत उत्तर देत होता. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे पाहत नव्हते. मी बारा मात्रा मोजू लागलो; आणि दहावीवर ते दोघेही एकदम थांबले.